भोंगेवाल्याची माफी

शिडी तोकडी होती. शेवटच्या पायरीवर उभं राहून भोंगेवालीचा हात बांबूच्या टोकाला कसाबसा पोचत होता. दातांत सुतळी, खांद्यावर वायरचं वेटोळं, काखेत भोंगा. खाली सासरा शिडी धरून उभा होता. खरं म्हणजे शिडीनेच त्याला धरलं होतं. जनावरांचा बाजार भरायला अजून वेळ होता, पण वारा आधीच सुटला होता. मैदानावरची वाळलेली शेणधूळ उचलून तो नेमकी तिच्या डोळ्यांत नेऊन टाकत होता.

"ताई, अहो ताई!" खालून कुणीतरी हाक मारली.

दातांत सुतळी धरलेल्या बाईला हाका मारणारा माणूस शहरातलाच असणार, हे तिने वरूनच ओळखलं. तिने ओ दिली नाही. गाठ मारली, भोंगा हलवून पाहिला, तोंड बैलांच्या दावणीकडे वळवलं, आणि मग सावकाश खाली उतरली.

दोघं होते. एक वकीलबाई. तिने भोंगेवालीच्या नवऱ्याचा, भोंगेवाल्याचा खटला लढवला होता आणि हरलीही होती. हरूनही ती येत राहिली, एवढ्यावरून ती चांगली बाई होती हे गावाने मान्य केलं होतं. दुसरा माणूस नवा होता. त्याच्या पिशवीवर समितीचं नाव छापलं होतं, ते इतकं लांब होतं की पिशवीची पुढची बाजू संपून ते मागच्या बाजूला गेलं होतं. राजकारणापायी ज्यांच्यावर खटले भरले त्या सगळ्यांना राष्ट्राध्यक्षांनी माफी द्यावी, असं मागणारी ती समिती. गाव तिला नुसतं माफी समिती म्हणायचं. हा तिचा सरचिटणीस.

"ताई, तुम्ही एकट्या नाही आहात," सरचिटणीस म्हणाला.

"बरं झालं," ती म्हणाली. "जरा ही वायर धरा."

त्याने वायर धरली. वायरचं काळं त्याच्या पांढऱ्या शर्टाला लागलं, ते त्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग तो बोलायला लागला. राजधानीत लोक कसे जागे झाले आहेत, किती नामवंतांनी राष्ट्राध्यक्षांना आवाहन केलं आहे, परदेशात कुठे काय छापून आलं आहे. ती वायर सोडत मैदानाच्या कडेने चालली होती आणि तो दुसरं टोक धरून तिच्यामागे बोलत चालला होता. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. याचं भांडं कधी बाहेर येतं याची ती वाट पाहत राहिली.

"तर पुढच्या बाजाराच्या दिवशी इथेच, याच मैदानावर, आम्ही जाहीर सभा घेतोय," तो शेवटी म्हणाला. "आणि सभा म्हणजे, तुम्हाला माहीतच आहे... भोंगे लागतील."

भोंगेवाली थांबली.

"माझ्या नवऱ्याला सोडा म्हणून ओरडायचं, ते माझ्याच भोंग्यातून?"

"त्याला एक प्रतीकात्मक अर्थ आहे, ताई."

"आणि पोलिसांनी मशीन उचलून नेलं, तर तेही प्रतीकात्मकच नेतील का?"

वकीलबाई हसली. सरचिटणीस हसला नाही. मशीन म्हणजे काय हे त्याला कळलं नसावं. तारा, बॅटऱ्या आणि भोंगे यांच्या मधोमध जो लोखंडी डबा असतो, आवाज ज्याच्यात शिरतो बारीक आणि बाहेर पडतो मोठा, ते मशीन. घरात तेवढी एकच वस्तू अशी होती की जिच्यावर घर चालत होतं.

भोंगेवाला आत गेला तो याच मशीनपायी. कुणाचं लग्न असो, लिलाव असो, सभा असो, भोंगे लावून झाले की तपासून बघावे लागतात. दुसरे लोक 'हॅलो हॅलो' करतात. भोंगेवाल्याला ते पसंत नव्हतं. त्याचं म्हणणं, हॅलोला काय, हॅलो कुठेही पोचतं. ज्या कामाचा भोंगा त्या कामाचं वाक्य बोलून बघावं, म्हणजे शेवटच्या माणसाला अक्षर न् अक्षर कळतं की नाही ते समजतं. लग्नात तो नवरानवरीचं नाव घ्यायचा. बाजारात 'जोडी आली, जोडी' म्हणायचा. त्या दिवशी विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याची सभा होती. सभेच्या व्यासपीठामागे कापडावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'राष्ट्राध्यक्ष, खुर्ची सोडा!' भोंगेवाल्याने वर पाहिलं, ते वाचलं, आणि एकेका भोंग्यासाठी एकेकदा, खणखणीत आवाजात बोलून दाखवलं. तिसरा भोंगा खरखरतोय म्हणून त्याच्यासाठी आणखी एकदा.

तेवढ्यात पोलीस आले आणि त्यांनी वायर तोडली. पुढारी गाडीतून उतरायचा होता, तो उतरलाच नाही. कुणी बोललं नाही, कुणाचं भाषण झालं नाही. पोलिसांच्या यंत्रावर उभ्या सभेतला एकच आवाज नोंदला गेला होता, आणि तो भोंगेवाल्याचा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. राष्ट्राध्यक्षांविरुद्ध जनतेला चिथावणी, सात वर्षं. न्यायाधीशाने विचारलं, हा आवाज तुझा का? भोंगेवाला म्हणाला, हो, साहेब, आणि बघा किती स्वच्छ आलाय.

चोर सोडून संन्याशाला फाशी. पुढे पुढाऱ्याचं आणि सरकारचं जुळलं. पुढारी आता राष्ट्राध्यक्षांच्याच बाजूला होता, आणि माफीसाठी कुणाची नावं वर पाठवायची ते ठरवणाऱ्या सल्लागार मंडळावर बसला होता. हे सगळ्या गावाला माहीत होतं. भोंगेवालीला तर ते रोज सकाळी उठल्या उठल्या आठवायचं आणि चुलीतला जाळ तिच्या हातून जरा जास्तच व्हायचा.

"विचार करून सांगते," ती सरचिटणिसाला म्हणाली आणि दुसरा भोंगा घेऊन पुन्हा शिडीवर चढली.

सासऱ्याला पाहुण्यांशी बोलायचंच होतं. आयुष्यभर भोंग्यांखाली उभं राहून त्याचे कान गेले होते, त्यामुळे तो बोलायचा तेही भोंग्यासारखंच. मुलाची हकिगत सांगताना त्याला दोन्ही हात लागायचे. त्याने शिडीवरचे हात काढले आणि सरचिटणिसाचा खांदा धरला. वाऱ्याचा झोत आला. शिडी एकदा बांबूवर आपटली, मग बाजूला सरकली, आणि भोंगेवाली वरून खाली आली. पडताना तिने भोंगा छातीशी धरला होता. भोंग्याला पोचा आला नाही. तिचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला.

"आबा, शिडी!" ती जमिनीवरून ओरडली. शिडी तिच्या शेजारीच पडली होती.

हाड बसवणाऱ्याने बांबूच्या खपच्या बांधल्या, वर जाड पट्टी गुंडाळली. बाजार मात्र व्हायचा तो झाला. एका हाताने मशीनचं बटण फिरवत ती दिवसभर बसली, आणि लिलाववाला जोड्या पुकारत राहिला.

*

तुरुंगात भेटीच्या खोलीला मधोमध जाळी होती आणि जाळीखाली सिमेंटचा कठडा. भोंगेवालीने मोडका हात कठड्याच्या खाली मांडीवर ठेवला. शेजारी वकीलबाई बसली. सरचिटणिसाला आत सोडलं नव्हतं.

भोंगेवाला आला. त्याच्या मानेच्या शिरा मोजून घ्याव्या इतक्या वर आल्या होत्या. पण चेहरा कसा, एखाद्याला नवं काम लागल्यासारखा.

"अगं, इथलं मशीन मला दिलंय चालवायला," तो बसायच्या आतच म्हणाला. "सकाळची हजेरी, जेवणाची सूचना, सगळं मीच बोलतो. जेलर म्हणाला, असा आवाज इथे कधी आलाच नव्हता. नुसती वायर उलटी जोडली होती मूर्खांनी."

"वा," भोंगेवाली म्हणाली. "माइकवर बोललात म्हणून आत घातलं, आणि आत माइकवर बोलायलाच ठेवलं. छान चाललंय तुमचं."

"तिसरा भोंगा अजून खरखरतो का गं?"

तिने वकीलबाईकडे पाहिलं. आता तुम्हीच बोला, नाहीतर मी काहीतरी बोलेन, असा तो पाहण्याचा अर्थ होता.

वकीलबाईने दयेचा अर्ज काढला. शपथदिन, म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेतली तो दिवस, जवळ आला होता. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष दरवर्षी काही कैद्यांना माफ करायचे. अर्जावर कैद्याची सही लागत होती. तिने वाचून दाखवलं : मी अमुक दिवशी राष्ट्राध्यक्षांविरुद्ध घोषणा दिली, त्याचा मला पश्चात्ताप होत आहे.

"मी घोषणा दिली नाही," भोंगेवाला म्हणाला.

"माहीत आहे मला," वकीलबाई म्हणाली.

"मी भोंगे तपासले."

"मग तसं लिहा ना," भोंगेवाली म्हणाली. "भोंगे तपासले, चुकलं, पुन्हा तपासणार नाही. संपलं."

"तसं नाही चालत," वकीलबाई डोळे चोळत म्हणाली. "भोंगे तपासणं हा गुन्हाच नाही. गुन्हा नसेल तर राष्ट्राध्यक्ष माफ काय करणार? माफी हवी तर आधी गुन्हा कबूल करावा लागतो."

"आणि गुन्हा केलाच नसेल तर?" भोंगेवालीने विचारलं.

"तर माफी मिळत नाही."

"म्हणजे केला असता तर सुटले असते!"

"साधारण तसंच," वकीलबाई म्हणाली, आणि तिलाच त्याची लाज वाटल्यासारखी ती कागदांच्या कडा जुळवत बसली.

"हे बघ," भोंगेवाला जाळीला नाक लावून म्हणाला, "माइकवर मी जन्मात माझं म्हणून काही बोललो नाही. लोकांची लग्नं, लोकांचे बैल, लोकांच्या सभा. तेही वाक्य लोकांचंच होतं. आता सही केली तर ते माझं होईल. माझ्या अंगाला चिकटेल."

"चिकटू दे!" भोंगेवालीचा आवाज चढला तसा पहारेकऱ्याने मान वळवली. "अंगाला धूळ चिकटते, शेण चिकटतं, धुतलं की जातं. तुम्ही इथे वायरी जोडत बसा. तिथे शिडी मी चढते, बॅटऱ्या मी उचलते, आबांचा आरडाओरडा मी ऐकते. चार अक्षरं लिहायला तुम्हाला जड जातात!"

"चार अक्षरांपायीच आलोय ना इथे," तो म्हणाला.

ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. ती उठली. मोडका हात कठड्याआड धरूनच उठली, त्याला दिसू नये म्हणून. इतका राग येऊनही हात लपवायचं ती विसरली नाही, याचाच तिला परतीच्या वाटेवर जास्त राग आला.

दरवाजाबाहेर सरचिटणीस उन्हात उभा होता. "सही केली नाही ना?" त्याने विचारलं. "नाही? शाब्बास! अर्ज करून मिळते ती भीक. जनतेने मागून मिळते ती मुक्ती. आपली मागणीच मुळी बिनशर्त माफीची आहे."

"तुमच्या घरी कोण आत आहे?" भोंगेवालीने विचारलं.

वकीलबाईने तिला कोपराने ढोसलं, पण उशिरा.

*

अडला हरी गाढवाचे पाय धरी. पुढारी विश्रामगृहात उतरला आहे असं कळल्यावर सासऱ्याने दोन दिवस तिचं डोकं खाल्लं, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

व्हरांड्यात बाकं होती, पण बाकांवर पुढाऱ्याचे लोक बसले होते. ती खांबाला टेकून उभी राहिली. आतून एक माइक कुईं कुईं करत होता. थोड्या वेळाने पुढाऱ्याचा सचिव बाहेर आला, त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला ओळख पटली.

"तू भोंगेवालीच ना? मग उभी काय नुसती? बघ जरा काय बोंबलतंय ते."

ती आत गेली. माइक आणि भोंगा समोरासमोर तोंड करून ठेवले होते, दुसरं काय होणार. तिने डाव्या हाताने माइक फिरवला, आवाज थांबला. कुणी बस म्हणालं नाही. ती पुन्हा खांबाशी येऊन उभी राहिली आणि ऊन व्हरांड्याच्या अर्ध्यावर येईपर्यंत तिथेच होती.

पुढारी मात्र गोड बोलला. पुढारी नेहमीच गोड बोलायचा.

"वहिनी, माझ्या मनातून तो माणूस एक दिवस गेला नाही. मंडळात त्याचं नाव मीच लावून धरतो. पण अर्जात एक ओळ जास्तीची लागेल. कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मनाने घोषणा दिली, एवढंच."

"साहेब, तुमच्याच कापडावर लिहिलेलं होतं ते."

"कापडावरचं कोण वाचतं, वहिनी? लोकांनी ऐकलं ते त्याच्या तोंडून." त्याने हसून पेला पुढे सरकवला. पेला रिकामा होता. सचिवाने तो उचलून नेला. "आणि शपथदिनाला इथे बाजाराच्या मैदानात माझी सभा आहे. माफीचा आदेश मी स्वतः त्याच्या हातात देईन, सगळ्यांसमोर. त्याने फक्त माइकवर यायचं आणि आभाराचे दोन शब्द बोलायचे. चुकलो, माफ केलंत, आभारी आहे. बाकी सगळं मी बोलेन."

"आणि भोंगे?"

"भोंगे तुमचेच, वहिनी. परके का आहोत आपण?"

घरी येऊन तिने सासऱ्याच्या कानात सगळं ओरडून सांगितलं. शेजारच्या चार घरांनाही कळलं. सासरा म्हणाला, "बोलेल की! बोलण्यात त्याचा हात कोण धरणार!" आणि खूश होऊन जुन्या वायरी पुसत बसला. भोंगेवालीला त्याचा राग यावा की स्वतःचा, ते कळेना. समितीला भोंगे द्यायचं तिने नुकतंच कबूल केलं होतं. शपथदिन नेमका त्याच बाजाराच्या दिवशी पडत होता, म्हणजे आता दोन्ही सभा एकाच मैदानावर आणि एकाच दिवशी आल्या होत्या, आणि मशीन एकच होतं.

भोंगे पुढाऱ्याच्या सभेला जाणार हे कळल्यावर सरचिटणीस संतापला. त्याच्या संतापाला आवाज नव्हता, नुसते हात होते.

"अटी घालून दिलेली माफी ही माफी नसते, ताई. तो सौदा असतो."

"बाजाराच्या मैदानाशेजारी घर आहे आमचं," ती म्हणाली. "सौद्याची भीती आम्हाला नका घालू."

"उद्या प्रत्येक कैद्याला असंच स्टेजवर उभं करतील. तुमच्या नवऱ्याच्या एकट्याच्या सुटकेने बाकीच्यांचा मार्ग बंद होतो, हे कळतंय का तुम्हाला?"

तिला कळत होतं. तो उंटावरचा शहाणा होता तरी हे तो खरं बोलत होता, आणि म्हणूनच तिला तो समोर नको झाला होता. "तुम्ही माझ्या नवऱ्याच्या नावाने ओरडा, नाहीतर ओरडू नका," ती म्हणाली. "मला तो घरात हवाय."

*

दुसऱ्या भेटीला पहारेकरी नवा होता आणि नियमही नवा होता. दोन्ही हात कठड्यावर, सगळ्यांना दिसतील असे.

"ए बाई, दुसरा हात! वर घे!"

"दुखतोय," ती म्हणाली.

"वर घे म्हटलं ना!"

तिने हात वर घेतला. पट्टी मळून काळी झाली होती, बोटं सुजून गाजरासारखी झाली होती, आणि एका बोटाच्या नखाखाली काळं रक्त होतं. भोंगेवाला बघत राहिला. तिसरा भोंगा, हजेरी, जेलर, सगळं त्याच्या तोंडातच राहिलं.

"शिडीवरून?"

"नाही, पलंगावरून," ती म्हणाली. "नाचत होते."

"आबा शिडी धरत नव्हते?"

"आबा तुमची थोरवी सांगत होते."

जाळीतून हात जात नव्हता. त्याने एक बोट जाळीत घातलं, ते पेरापर्यंत गेलं आणि अडकलं. बराच वेळ ते तसंच राहिलं.

"आणा तो कागद," तो वकीलबाईला म्हणाला.

वकीलबाईने ती नवी ओळ त्याला वाचून दाखवली. स्वतःच्या मनाने. त्याने मान हलवली आणि सही केली. सही करताना तो लहान मुलासारखा जीभ दातांत धरायचा, ते भोंगेवालीला आठवलं नव्हतं इतके दिवस. मग तिने स्टेजचं सांगितलं. त्याचं तोंड उतरलं.

"सही केली ना? आता बोलायला नका लावू."

"दोनच शब्द आहेत."

"कागदावरचं कागदात राहतं गं. कोण उघडून बघतो? भोंग्यातून गेलं की ते चार गावांत गेलं. उद्या मी कुठेही भोंगा लावायला गेलो तरी लोक म्हणतील, हाच तो. म्हणजे हा खरंच बोलला होता, आणि मग रडला."

"म्हणू देत! तुम्ही या घरी. म्हणणाऱ्यांचं मी बघते."

"बरं," तो म्हणाला. त्या 'बरं'ने तिला हायसं वाटायला हवं होतं. ती घरी येईपर्यंत ते हायसं वाटणं शोधत होती.

*

शपथदिनाला वारा पडला होता आणि उकाडा वाढला होता. भोंगे लावायला गावातली दोन माणसं मदतीला आली होती, कारण आता भोंगेवाला सुटणार होता आणि सुटणाऱ्याच्या घरी मदतीला सगळेच येतात. मैदान भरलं. स्टेजवर खुर्च्या, खुर्च्यांवर पुढाऱ्याची माणसं. स्टेजच्या बाजूला टेबलावर मशीन, मशीनशी खांद्यावर उरलेल्या वायरचं वेटोळं घेतलेली भोंगेवाली, आणि बॅटरीच्या पेटीवर सासरा.

मैदानाच्या पार कडेला, बाजाराच्या झाडाखाली, माफी समिती उभी होती. पंधरा-वीस माणसं, एक कापडी फलक. भोंगे नव्हते. सरचिटणीस उघड्या घशाने ओरडत होता. कुणाकुणाची नावं घेत होता, त्यांत भोंगेवाल्याचंही घेत होता. आज तो सुटतोच आहे तर कशाला, म्हणून लोक हसत होते. पुढाऱ्याने बोलायला तोंड उघडलं की तीन भोंग्यांखाली झाडाखालचा आवाज नाहीसा व्हायचा. सरचिटणिसाचे हात तेवढे हलताना दिसायचे. तो आवाज आपणच दाबतो आहोत हे भोंगेवालीला दिसत होतं. ती बटणाकडे बघत बसली.

तुरुंगाची गाडी आली. भोंगेवाला उतरला. अटकेच्या दिवशीचेच कपडे त्याच्या अंगावर होते, पण आत माणूस कमी झाला होता, त्यामुळे ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते. त्याने गर्दीकडे पाहिलं नाही. आधी तिन्ही भोंग्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सासरा उठून ओरडला, "आला! आला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढारी पुष्कळ बोलला. राष्ट्राध्यक्षांचं अंतःकरण समुद्राएवढं आहे, वाट चुकलेल्या लेकरांनाही ते पोटाशी धरतात, आणि अशा भोळ्या माणसांना भडकवणारे लोक कोण, ते बघा त्या झाडाखाली उभे आहेत. मग त्याने आदेशाचा कागद भोंगेवाल्याच्या हातात दिला. फोटो काढले. मग त्याने हात धरून त्याला माइकसमोर उभं केलं.

भोंगेवाल्याने सवयीने माइकची उंची बघितली. माइक पुढाऱ्याच्या उंचीला लावला होता, तो त्याच्या कपाळाशी येत होता. तो खाली घ्यायला त्याने हात उचलला, पण हातात कागद होता. तो टाचा उंच करून उभा राहिला.

"मी," तो म्हणाला.

तीन भोंग्यांतून 'मी' निघाला, मैदानावरून गेला आणि पलीकडच्या टेकाडावर आपटून परत आला. तो दचकला. शेतांतली माणसं बांधावर येऊन उभी राहिली होती.

"मी चुकलो..."

भोंगेवाली ऐकत होती. हेच तिला हवं होतं. याच्यासाठी ती त्याच्याशी भांडली होती, खांबाला टेकून उभी राहिली होती, झाडाखालच्या माणसाचं तोंड तिने बंद केलं होतं. आणि आता त्याच्या तोंडून ते तिला ऐकवेना. सगळ्यांचा राग आला तिला. पुढाऱ्याचा, समितीचा, टाळ्या वाजवणाऱ्यांचा, असल्या खोटेपणाला तयार झालेल्या नवऱ्याचा, आणि त्याला तयार करणाऱ्या स्वतःचा. तिचा डावा हात बटणावर गेला. एकदम फिरवलं असतं तर कळलं असतं. तिने हळूहळू फिरवलं, बॅटरी उतरत गेल्यासारखं.

"...राष्ट्राध्यक्षांनी मला..." इथपर्यंत मागच्या रांगांना ऐकू आलं. पुढचं मधल्या रांगांनाही नाही.

"आवाज! आवाज!" लोक ओरडले.

पुढाऱ्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. सचिव स्टेजच्या कडेला धावत आला. "काय झालं?"

"मशीन तापलंय, साहेब," भोंगेवाली म्हणाली.

सासऱ्याने सवयीने मशीनवर तळहात ठेवला. मशीन गार होतं. त्याने सुनेकडे पाहिलं, तिच्या बटणावरच्या हाताकडे पाहिलं, आणि स्टेजवरच्या मुलाकडे पाहिलं. मग कढई हाताला लागावी तसा त्याने हात झटकला.

"तापलंय! तापलंय!" तो उभ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला. "हात लावू नका कुणी! जळेल!"

सचिव दोन पावलं मागे सरकला. स्टेजवर भोंगेवाला बोलत होता. ओठ हलत होते. चुकलो, माफ केलंत, आभारी आहे. काय बोलला असेल ते असेल, ते पुढाऱ्याने ऐकलं आणि शेजारच्या पोलिसाने ऐकलं. बाकी कुणी नाही. भोंगे गप्प झाल्यामुळे झाडाखालचा सरचिटणीस आता लख्ख ऐकू येत होता. बसल्या घशाने तो भोंगेवाल्याचं नाव घेत होता, आणि लोक माना वळवून तिकडे बघत होते. पुढारी हात हलवून हसला आणि कार्यक्रम आटोपता घेतला.

भोंगेवाला स्टेजवरून उतरून सरळ मशीनशी आला. कुणीतरी पाठ थोपटली, कुणी काही विचारलं, त्याने लक्ष दिलं नाही. कागद त्याने खिशात कोंबला आणि मशीनवर तळहात ठेवला. मग बटणाकडे पाहिलं. बटण शून्यावर होतं.

तिला वाटलं, आता भांडेल. भांडला असता तरी चाललं असतं.

"किती ऐकू गेलं?" त्याने हळूच विचारलं.

"'मी चुकलो' गेलं," ती म्हणाली. "तेवढं थांबवायचं मला वेळेत सुचलं नाही हो."

तिला रडू फुटलं. इतक्या दिवसांत ती रडली नव्हती, शिडीवरून पडली तेव्हाही नाही. आता सगळ्या मैदानादेखत, वैतागलेल्या पोरीसारखी, नाक ओढत रडायला लागली. सासरा "काय झालं, काय झालं" म्हणून ओरडत होता.

"पुरे," भोंगेवाला म्हणाला. "तेवढं तर बाजारात कुणीही रोज म्हणतं." त्याने तिच्या खांद्यावरचं वायरचं वेटोळं काढून घेतलं, आपल्या खांद्यावर टाकलं, आणि शिडी कुठे आहे म्हणून विचारलं.